पदवीची हुंडी

सुशिक्षितांची बेकारी हा विषय ज्या घरांत निघत नाहीं असें घर आज विरळा. तथापि तो निघतो तो बहुधा शेजाऱ्याच्या मुलासंबंधानें. आपल्याच घरांतील मुलासंबंधानें निघूं लागला म्हणजे आवाज खालीं येतात आणि माजघराचें दार लोटून घेण्यांत येतें. आमच्या पनवेलच्या घरींही असेंच झालें. तें जसें घडलें तसें वाचकांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे. कारण त्यांत माझी स्वतःची एक चूक आहे, आणि तीच चूक पुष्कळ घरांतून वडीलधारी माणसें रोज करीत असावींत असा मला संशय आहे.

२०२४ सालच्या गणेशोत्सवांतील गोष्ट. दुपारचीं पानें वाढलीं होतीं. पुण्याहून आलेल्या एका आप्तांनीं सहज विचारलें, "चिरंजीव आज घरीं कसे? औषधांच्या कंपनीला गणपतीची सुटी असते वाटतें?" विचारणा माझ्या पुतण्याविषयीं होती. माझे वडील बंधु आज हयात नाहींत, त्यामुळें घरांतील वडीलकी माझ्याकडे आहे. मीं तत्काळ उत्तर दिलें, "रजेवर आहे." पुतण्या त्याच वेळीं वरणाचें पातेलें घेऊन पंक्तींत फिरत होता. त्यानें तें ऐकलें आणि कांहीं न बोलतां तो पुढच्या पानाकडे गेला. वस्तुतः त्याची नोकरी जाऊन दोन महिने होऊन गेले होते. रात्रीं आरती झाल्यावर तो मजजवळ येऊन बसला व म्हणाला, "काका, दुपारीं तुम्ही खोटें बोललांत तें माझ्यासाठीं, कीं घरासाठीं?"

पस्तीस वर्षें मीं मुलांना प्रश्न विचारण्याचा धंदा केला. या एका प्रश्नाचें उत्तर मात्र मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं.

पुतण्यानें २००१ सालीं रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केली. पुढें काय करावें याचा विचार चालला असतां औषधविक्रय-प्रतिनिधीची, म्हणजे व्यवहारांत ज्याला सगळे 'एम्. आर.' म्हणतात त्याची, जागा त्याला मिळाली. तो घुटमळत होता. आग्रह केला तो मीं. शास्त्राची पदवी, स्वच्छ पोशाख, डॉक्टरांशीं इंग्रजींत संभाषण आणि महिन्याच्या महिन्याला पगार: मॅट्रिकवर थांबलेल्या, पाठशाळेंत चार संस्कृत ग्रंथ शिकून मास्तर झालेल्या माझ्यासारख्या माणसाला याहून अधिक काय हवें? पुढें तेवीस वर्षें त्यानें तें काम केलें. रोज दहा-बारा डॉक्टर आणि पांच-सहा औषधांचीं दुकानें. आज पेण, उद्यां अलिबाग, परवां नागोठणें-रोहें, आणि महिन्यांतून एकदां माणगांव-महाडकडे मुक्काम. दवाखान्यांतील रोगी संपेपर्यंत बांकावर बसून राहावयाचें, आणि आंत बोलावणें आलें म्हणजे दोन-तीन मिनिटांत चार औषधांचीं नांवें डॉक्टरांच्या ध्यानांत राहतील अशीं सांगावयाचीं. संध्याकाळीं घरीं येऊन दिवसाचा अहवाल लिहावयाचा. महिनाअखेर ठरलेला आंकडा, म्हणजे 'टार्गेट', पुरा झाला नाहीं तर वरिष्ठांचीं बोलणीं खावयाचीं. हें काम हलकें नव्हतें. परंतु त्यावर दोन मुलें शाळेंत गेलीं आणि माझ्या वहिनीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली.

हा व्यवसाय आपल्याकडे एवढा फोफावला कां, हें समजल्यावांचून तो आतां कां सुकत आहे तें समजावयाचें नाहीं. औषध तयार करणें आणि तें वैद्यापर्यंत पोंचविणें या गोष्टी आम्हां पनवेलकरांस नवीन नाहींत. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं येथें श्रीधूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला, तेव्हां मुंबईचें विश्वविद्यालय अवघें पंधरा वर्षांचें होतें. परंतु एम्. आर. ही जात वाढली ती पुढें, मुख्यतः १९७० च्या पेटंट कायद्यानंतर. २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आलेल्या त्या कायद्यानें औषध या वस्तूवर मक्ता न देतां तें तयार करण्याच्या कृतीवर तेवढा मक्ता दिला. म्हणजे तेंच औषध दुसऱ्या कृतीनें बनविण्यास कोणासही मोकळीक झाली. औषधें स्वस्त झालीं, देशी कारखाने वाढले, आणि एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नांवांनीं विकूं लागल्या. आंत औषध तेंच, बाहेर नांव वेगळें! चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाची जाहिरात तेलसाबणासारखी भिंतीवर लावतां येत नाहीं. तेव्हां आपलेंच नांव डॉक्टरांच्या लेखणींतून उतरावें यासाठीं प्रत्येक कंपनीस एक चालता-बोलता मनुष्य हवा झाला. त्या मनुष्यास रसायनांचीं नांवें उच्चारतां यावींत, म्हणून पदवीधर हवा. गांवोगांवच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या बी. एस्सी. मुलांना ही मोठीच सोय झाली. त्यांच्या नोकरीस कायद्याचा कांहीं आधार असावा म्हणून १९७६ सालीं विक्रयवृद्धि-कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदाही झाला. त्यानें नेमणूकपत्र व रजा यांचे नियम घालून दिले. पुढें २०२० सालच्या श्रमसंहितेंत तो विलीन करण्यांत आला.

आतां ओहोटीचीं कारणें पाहूं. पहिलें कारण असें कीं, प्रतिनिधि जी माहिती सांगावयास जात असे ती डॉक्टरांच्या खिशांतील दूरध्वनियंत्रावर येऊन पडूं लागली. २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली, दवाखान्यांचीं दारें प्रतिनिधींस बंद झालीं, आणि कंपन्यांनीं पडद्यावरून भेटी घेण्याची प्रथा पाडली. टाळेबंदी उठली, प्रथेचा बराच भाग राहिला. दुसरें कारण, एकट्यादुकट्या दवाखान्यांच्या जागीं मोठीं रुग्णालयें आलीं. तेथें औषधांची खरेदी एक समिति ठरविते. तीन मिनिटांच्या गोड संभाषणास तेथें जागा नाहीं. तिसरें, २००८ पासून सुरू झालेलीं जनऔषधी केंद्रें आज देशांत पंधरा हजारांच्या वर गेलीं आहेत. तेथें औषध विकलें जातें तें मूळ नांवानें. जेथें नांवाची स्पर्धा नाहीं तेथें नांव सांगत फिरणारा कशाला हवा? चौथें, सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें असें ठरविलें कीं, डॉक्टरांस दिलेल्या भेटींचा खर्च कंपनीस करांतून वजा घेतां येणार नाहीं. आणि १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें औषधविक्रयाची आचारसंहिता प्रसिद्ध करून डॉक्टर व त्यांचे कुटुंबीय यांना भेटवस्तु व प्रवासखर्च देण्यास मनाई केली. पुढें २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारच्या रुग्णालयांत प्रतिनिधींनीं डॉक्टरांस भेटूं नये, माहिती पाठविणें ती यंत्रद्वारां पाठवावी, असाही आदेश निघाला.

या निर्बंधांस माझी संमति आहे. डॉक्टरांस दिलेल्या भेटीची किंमत शेवटीं रोग्याच्याच बिलांत चढते, हें मला कळतें. मीही औषधांचीं बिलें भरतों. परंतु समाजाच्या हिताची गोष्ट एखाद्या घरावर आघात करून जाऊं शकते, आणि म्हणून त्या घरानें समाजावर रागावूंही नये व स्वतःस दोषही देऊं नये. कंपन्यांचे आपसांतील व्यवहार तर निराळेच. २०२२ च्या फेब्रुवारींत नोव्हार्टिस इंडिया या कंपनीनें आपलीं कांहीं प्रसिद्ध औषधें विकण्याचें काम डॉ. रेड्डीज् या कंपनीकडे सोंपविलें, तेव्हां तीं औषधें विकणाऱ्या शेंकडों माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. आमचा पुतण्या या दोन्ही कंपन्यांतील नव्हे. पण त्याच्या बाबतींतही प्रकार असाच घडला. दोन विभाग एक झाले, दोन माणसांच्या जागीं एक उरला, आणि उरला तो पंचवीस वर्षांचा. परदेशांतही हीच रड आहे. अमेरिकेंत या शतकाच्या पहिल्या दशकांत असे प्रतिनिधि एक लाखाच्या आसपास होते. पुढच्या दशकांत त्यांची संख्या फारच खालीं आली.

एम्. आर. ची गोष्ट मीं विस्तारानें सांगितली ती घरची म्हणून. ती एकट्या त्या व्यवसायाची नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विश्वविद्यालयाची बी. ए. ची परीक्षा १८६२ सालीं प्रथम उतरले ते चौघे जण. त्यांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर होते. आज तेंच विश्वविद्यालय वर्षाला दीड लाखाहून अधिक पदव्या देतें. चार पदवीधर होते तेव्हां पदवी ही हुंडी होती; कोणत्याही पेढीवर दाखविली तरी वटत असे. दीड लाख हुंड्या एकदम बाजारांत आल्या आणि पेढ्या होत्या तितक्याच राहिल्या, तर पुढें काय होणार हें सांगावयास अर्थशास्त्री नको. ही अवस्था नवीन आहे असेंही नव्हे. सुशिक्षितांच्या बेकारीची चौकशी करण्यासाठीं संयुक्त प्रांतांत सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली होती, आणि तिचा अहवाल १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. नवी आहे ती संख्या. २०२४ सालीं महाराष्ट्रांत पोलीस शिपायांच्या सुमारें सतरा हजार जागांसाठीं सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांत पदवीधरांचा भरणा थोडाथोडका नव्हता.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेबरोबर २०२४ सालीं भारतांतील रोजगाराचा अहवाल काढला. त्यांत एक आंकडा आहे, त्यानें मला कित्येक दिवस अस्वस्थ केलें. २०२२ सालीं देशांतील पदवीधर तरुणांत बेकारांचें प्रमाण शेंकडा २९.१ होतें; ज्यांना लिहितां-वाचतां येत नाहीं अशा तरुणांत तें अवघें ३.४ होतें. विद्येनें मनुष्य बेकार होतो कीं काय? तसा याचा अर्थ नव्हे. निरक्षर मुलास बेकार राहणें परवडत नाहीं. सकाळीं उठून मिळेल तें काम त्याला धरावें लागतें. पदवीधर वाट पाहूं शकतो, कारण त्याच्या जेवणाची सोय घरीं असते. म्हणजे ती बेकारी पोसतें कोण? आपलीं घरें. एकत्र कुटुंबाचें हें मोठेपण आहे आणि हाच त्यांतील धोकाही आहे. आपल्या पंक्तीला एक पान अधिक वाढतांना कोणाच्या कपाळीं आठी पडत नाहीं. परंतु त्या पानावर बसणाऱ्याला आपण 'योग्य' नोकरी मिळेपर्यंत हात न मळवितां बसण्याची जणूं आज्ञाच देतों.

ती आज्ञा देणारांत मी अग्रभागीं होतों. वर्गांतील आळशी मुलास मीं सांगत असें, "शीक, नाहींतर हमाली करशील." हें वाक्य मीं किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. त्यांत दोन असत्यें होतीं. शिकल्यानें नोकरी मिळतेच हें एक, आणि हमाली ही शिक्षा आहे हें दुसरें. पदवीच्या हुंडीवर सही विश्वविद्यालयाची असते असें आपण समजतों. पण ती घरोघर मुलांच्या हातीं दिली ती आम्हीं, मास्तरांनीं व वडीलमाणसांनीं. आतां ती परत आली तर तोंड लपवावयाचें तें आम्हीं, मुलांनीं नव्हे. पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें आठ दिवसांनीं सुचलें तें हेंच, आणि तें मीं त्याला सांगितलें: "मी खोटें बोललों तें तुझ्यासाठींही नाहीं आणि घरासाठींही नाहीं, माझ्या सहीसाठीं."

आमच्या लहानपणीं अढळपद म्हणजे सरकारी कारखाना. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या रसायनी येथील कारखान्यांत मुलगा लागला म्हणजे मुलीचे बाप स्वतः होऊन पत्रिका घेऊन येत. २०१७ सालीं केंद्र सरकारनें तेथील तोट्यांत चाललेले विभाग बंद करण्यास मान्यता दिली. आतां पनवेलकरांचे डोळे विमानतळाकडे लागले आहेत. २०२५ च्या २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं, आणि आमच्या आळींत प्रत्येक घरीं 'विमानतळावर ओळख आहे का?' ही पृच्छा चालू आहे. विमानतळ कामें देईल, यांत शंका नाहीं. परंतु तेथें विचारतील तें 'तूं काय झालास?' हें नव्हे. 'तुला काय येतें?' हें विचारतील. या दुसऱ्या प्रश्नाची तयारी आपल्या घरांतून झालेली नाहीं.

पुतण्यास काय येत होतें? नोकरी गेल्यावर प्रथम त्याला वाटलें कीं आपल्याला कांहींच येत नाहीं. एके दिवशीं आम्ही दोघे पाटी-पेन्सिल घ्यावी तसे वही घेऊन बसलों आणि लिहूं लागलों. रायगड जिल्ह्यांतील कोणत्या गांवीं कोणतें दुकान उधारी वेळेवर फेडतें. पावसाळ्यांत कोणत्या औषधास मागणी वाढते. मुदत संपलेला माल कंपनी कसा परत घेते. कोणतें औषध थंड जागीं ठेवावें लागतें. हें सारें त्याला मुखोद्गत होतें. वहीचीं सहा पानें भरलीं. तेवीस वर्षांचें हें भांडवल त्याच्या बॅगेंत नव्हतें, त्याच्या डोक्यांत होतें. म्हणून कंपनीनें बॅग परत घेतली तरी तें राहिलें.

येथें एक व्यवहाराची माहिती देतों. ती कोणाच्या तरी उपयोगीं पडेल. औषधांचें किरकोळ दुकान नोंदणीकृत औषधनिर्मात्यावांचून, म्हणजे फार्मासिस्टवांचून, चालवितां येत नाहीं, बी. एस्सी. ला तो अधिकार नाहीं. परंतु घाऊक विक्रीचा नियम निराळा आहे. १९४५ च्या औषधनियमांप्रमाणें तेथें जबाबदार मनुष्य फार्मासिस्ट असावा, किंवा औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर असावा, किंवा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक झालेला असावा. आणि जागा किमान दहा चौरस मीटर असावी. (या नियमांत मॅट्रिकलाही स्थान आहे हें वाचून मला बरें वाटलें, हें कबूल करतों.) दुकानांतील अनुभवाचा दाखला मिळावा म्हणून पुतण्यानें एका घाऊक व्यापाऱ्याकडे काम धरलें. काम म्हणजे खोकीं उतरवून घेणें, मालाच्या तुकडीचा क्रमांक व मुदत तपासणें, बिलें करणें. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी. जे दुकानदार पूर्वीं त्याला 'साहेब' म्हणून खुर्ची देत, त्यांच्याच मालाचीं खोकीं तो आतां बांधीत असे.

वहिनींस हें फार लागलें. "पदवीधर मुलानें खोकीं उचलावींत, यासाठीं का ह्यांनीं त्याला शिकविलें?" असें त्या म्हणाल्या. मीं त्यांना काय सांगणार? मास्तराच्या संवयीनें एवढेंच सांगितलें कीं, संस्कृतांत 'पदवी' या शब्दाचा मूळ अर्थ वाट असा आहे. मान, हुद्दा हे अर्थ मागाहून चिकटले. वाटेवर चालावयाचें असतें, बसावयाचें नसतें. वहिनी म्हणाल्या, "भावजी, शब्दाचा अर्थ मला कळतो, माझ्या मुलाची पाठ दुखते तें सांगा." त्यांचें खरें होतें. पंचेचाळिसाव्या वर्षीं नवें काम आरंभणाऱ्याची पाठ दुखते, आणि ती व्युत्पत्तीनें बरी होत नाहीं. त्या दिवसापासून घरांतील दोन खर्च आम्ही कमी केले, त्याच्या मुलांची शाळेची फी माझ्या निवृत्तिवेतनांतून जाऊं लागली, आणि सूनबाईंनीं सकाळच्या शिकवण्या घेण्यास आरंभ केला. घर पाठीशीं आहे हें तोंडानें सांगण्यापेक्षां जमाखर्चांत दाखविलेलें बरें.

या अनुभवावरून तीन गोष्टी वाचकांपुढें नम्रपणें ठेवतों. घरांतील मुलगा अगर मुलगी पदवी घेऊन बसली असेल, तर त्या बसण्याची मुदत ठरवावी आणि त्या मुदतींत पोट भरेल असें एक हातचें काम शिकण्याची सोय घरानें करावी. नोकरी मिळालीच, तर नेमणूकपत्र घरच्या जाणत्या माणसानें वाचल्यावांचून सही होऊं देऊं नये. ठेका किती मुदतीचा, आंकडा पुरा न झाल्यास काय, हें आधीं समजलेलें बरें. आणि नोकरी गेली, तर ती गेली असें सांगावें. लपविलेल्या दुखण्यास औषध मिळत नाहीं. ज्याला मदत करतां येईल त्याच्याच कानावर तें जात नाहीं.

पुतण्याची थोरली मुलगी यंदा बारावीस आहे. 'कोणती पदवी घेणार?' असें आमच्या घरांत आजवर विचारीत आलों. या वेळीं 'कोणतें काम करावेंसें वाटतें?' असें विचारलें. ती म्हणाली, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत रक्त वगैरे तपासण्याचें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांना तें रुचलेलें नाहीं हें दिसतेंच आहे. अजून निर्णय झालेला नाहीं. पण बोलणें माजघराचें दार उघडें ठेवून चाललें आहे.

२०२५ च्या गणपतींत पुण्याचे तेच आप्त पुन्हां आले. त्यांनीं विचारण्यापूर्वींच मीं सांगितलें, "पुतण्याची नोकरी गेल्या वर्षींच गेली. तुम्ही आलांत तेव्हांच गेली होती. मी खोटें बोललों. हल्लीं तो घाऊक दुकानांत काम करतो, आणि वर्ष पुरें झालें म्हणजे स्वतःच्या परवान्यासाठीं अर्ज करणार आहे." ते बराच वेळ हातांतील सुपारी फिरवीत बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आमचा धाकटा इंजिनियर होऊन दीड वर्ष घरीं बसला आहे. आम्ही लोकांस सांगतों कीं परीक्षेचा अभ्यास करतो." पुतण्या तेथेंच होता. त्यानें खुर्ची जवळ ओढली आणि त्यांना पहिला प्रश्न विचारला: "त्याला काय काय येतें तें सांगा पाहूं."